गोडुलीची खोली

२ सप्टेंबर, सोमवार

चिमणी बाथरूममध्ये कोणाशी तरी बोलत होती. दार ढकललं. अंगावर थेंबभर पाणी नाही. पोरगी नळाकडे तोंड करून उभी, शाम्पूची बाटली गालाशेजारी धरलेली, लेबल बाहेर. "आईने मला सरप्राईज दिलं! तुमच्याकडे नाहीये? अरेरे..."

ते 'अरेरे' म्हणताना मान अशी काही कलती केली की माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आवाज तिचा नव्हताच. सहा वर्षांची आहे माझी मुलगी, हातात पेला धरला की निम्मं दूध जमिनीला — आणि बाटली कशी अगदी सरळ!

"कोणाशी बोलतेस गं?"

"सगळ्यांशी."

३ सप्टेंबर, मंगळवार

शोध लागला. 'गोडुलीची खोली'. शाळेतून आल्यावर चिमणीला मांडीवर घेऊन सलग सात व्हिडिओ बघितले. आठेक वर्षांची मुलगी, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. पिवळे पडदे, पलंग, खेळण्यांचं कपाट. ती खोकी उघडते, केस धुते, बिस्किटं खाते. 'विकत घ्या' असं एकदाही म्हणत नाही. चिमणीची पापणी लवत नव्हती.

"ही जाहिरात आहे का गं?"

"नाही. ही माझी मैत्रीण आहे."

नवरा म्हणतो, आपणही लहानपणी जाहिराती बघायचोच की. बघायचो. पण जाहिरात लागली की पाणी प्यायला उठायचो! इथे उठायचं कधी?

५ सप्टेंबर, गुरुवार

मोठ्या बाईंना सहज सांगायला गेले आणि गळ्यात घेऊन आले. आमच्या मुख्याध्यापिका असंच करतात. चार शनिवार, सकाळी दहा, शाळेच्या लायब्ररीत पालकांसाठी वर्ग. "तुम्हीच घ्या." मी पुस्तकांना नंबर चिकटवणारी बाई, मी काय शिकवणार?

"तुम्ही घाबरलाय ना? मग तुम्हीच."

७ सप्टेंबर, शनिवार

एकोणीस जण आले! मला वाटलं होतं चार येतील, त्यातले दोन चुकून.

व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवला. अकरा मिनिटांत गोडुली बाटली चौदा वेळा हातात घेते, आणि लेबल एकदाही फिरत नाही. "तुमच्या घरातली बाटली कशी असते?" "आडवी!" "उघडी!" खूप हसले. मग कोपऱ्यातला 'जाहिरात' हा शब्द दाखवला. पांढऱ्या भिंतीवर पांढरा, दोन सेकंद, आणि नेमका गोडुली किंचाळते तेव्हा. पालकांतल्या एका बसचालक बाबांनी चष्मा बदलून बघितलं. "अहो, हा मी पोरीबरोबर सहा वेळा बघितलाय!" नंतर कोणी हसलं नाही.

शेवटी एक खेळ दिला. मुलांसोबत बसायचं. काहीतरी विकतायत असं मुलाला वाटलं की त्याने कान पकडायचा. रागवायचं नाही, समजवायचं नाही. नुसता कान.

मागच्या बाकावर एक करड्या कोटातली बाई होती. सगळं वहीत उतरवून घेत होती. तिने विचारलं, "लेबल किती वेळ दिसलं की तुम्हाला शंका येते?"

मोजलं नाही, म्हटलं.

"साधारण? तीन सेकंद? चार?"

बसचालक बाबा म्हणाले, "बाईंना परीक्षेला बसायचंय वाटतं!" ती हसली नाही. चार लिहिलं आणि खाली रेघ मारली.

१० सप्टेंबर, मंगळवार

चिमणीला कानाचा खेळ भलताच आवडलाय. दोन्ही कान लाल!

गोडुलीचा नवा व्हिडिओ. बाटलीचं लेबल मागच्या बाजूला! मिनिटभर वाटलं, आली वाटतं अक्कल. मग लक्षात आलं — पडदे जांभळे झालेत. चादर जांभळी. वेण्यांच्या रिबिनी जांभळ्या. बाटलीसारख्या.

"आई, माझा जांभळा शाम्पू संपलाय," चिमणी म्हणाली. आमच्याकडे जांभळा शाम्पू कधी नव्हताच.

१४ सप्टेंबर, शनिवार

दुसरा वर्ग. रंग कसा शिकवतात ते दाखवलं.

"आणि रंगही नसेल तर?" पुन्हा तीच, मागच्या बाकावरून.

तर शब्द ऐकायचे, म्हटलं. 'आईने सरप्राईज दिलं' हे वाक्य प्रत्येक व्हिडिओत येतं. तिने लिहून घेतलं. फार मन लावून ऐकते. असे पालक हवेत, असंही मनात आलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

नवा व्हिडिओ. पडदे परत पिवळे. 'सरप्राईज' गायब. खोकं कपाटामागे 'सापडलं' म्हणे.

शनिवारी मी जे बोलले, ते मंगळवारी पुसलेलं. दोनदा झालं. नवरा म्हणतो, योगायोग. म्हणतो, तू आता भिंतीतही जाहिराती शोधशील. खरं तर मी तेव्हा भिंतीकडेच बघत होते.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज मी मुद्दाम एक थाप मारली. एकोणीस पालकांसमोर, चेहरा गंभीर ठेवून! म्हटलं, "खरोखर खेळणारं मूल दहा मिनिटांत तीनदा तरी खिडकीबाहेर बघतं. जाहिरातीतलं मूल बघत नाही." असं कुठेही लिहिलेलं नाही. चहा पिताना सुचलं होतं.

करड्या कोटाने लिहून घेतलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

गोडुलीने खिडकीबाहेर बघितलं. तीनदा.

लायब्ररीत एकटीच होते, भर दुपारी, बाहेर मैदानावर पोरांचा कल्ला चाललेला. तरी उठून दाराला कडी लावली.

आणखी एक. तिसऱ्यांदा बघताना तिचा हात वर गेला. कानाकडे. वेणी सारखी करत असेल.

२५ सप्टेंबर, बुधवार

वेणी नव्हती सारखी करत.

आज चिमणीबरोबर तोच व्हिडिओ परत लावला. चिमणी टाळ्या पिटत ओरडली, "आई, ती पण आपला खेळ खेळतेय!" बिस्किटाचा पुडा — कान. दप्तर — कान. अगदी हळू, कोणाला कळू नये असा, बोटांनी नुसता चिमटीत धरलेला. म्हणजे करड्या कोटाची वही त्या पोरीने वाचली!

शेवटी एक हात चौकटीत येतो. करडी बाही. गोडुलीच्या डोक्यावरून फिरतो. ती हसते, पडलेल्या दाताची फट दिसते. "माझी आई माझ्यावर खूप खूप प्रेम करते!"

आणि कान पकडते. पडदा काळा होईपर्यंत सोडत नाही.

चिमणीने आपला हात खाली घेतला.

"ती चुकली ना, आई?"

"हो," म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

२८ सप्टेंबर, शनिवार

शेवटचा वर्ग कसा घेतला मलाच माहीत. संपल्यावर करड्या कोटाला दारात अडवलं. वाटलं होतं भांडेल, नाही म्हणेल. तिने वही पिशवीत टाकली आणि शांतपणे बाकावर बसली. जवळून बघितल्यावर दमलेली दिसते. माझ्याच वयाची आहे.

"तुमची मुलगी शाळेत जात नाही?"

"वेळ कुठे असतो तिला?"

"तिने कान पकडला. तुमचा हात डोक्यावर असताना."

"बघितलं मी. व्हिडिओ गेल्यावर कापणार होते तो भाग. पण ते म्हणाले, ठेवा. लोक तेवढंच पुन्हा पुन्हा बघतायत."

"ते म्हणजे कोण?"

तिने खांदे उडवले. "मी कधी पाहिलं नाही त्यांना. खोकी येतात. काय बोलायचं ते येतं. तुमच्या वर्गात बसून लिहून आणा, हेही त्यांचंच. आवडलं नाही तर खोकी यायची थांबतात." जाताना वळून म्हणाली, "ताई, राग नका मानू. पण तुम्ही जेवढं लक्ष देऊन तिच्याकडे बघता ना, तेवढं मलाही जमत नाही हो."

अजून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

३० सप्टेंबर, सोमवार

बालसंरक्षण कार्यालयात तक्रार दिली. मोठ्या बाईंनीही सही केली. परत येताना सारखं मनात — एखाद्या आईपासून मूल तुटलं तर? माझ्या सहीने?

९ ऑक्टोबर, बुधवार

अधिकारी बाईंचा फोन. दोघी जणी घरी जाऊन आल्या. मुलगी आईजवळच राहील, पण रोज शाळेत जायचं आणि व्हिडिओ पूर्ण बंद. आईने निमूटपणे सही केली म्हणे.

"खोली खरी आहे हो," त्या म्हणाल्या. "पिवळे पडदे, सगळं. पण बाकीच्या घरात एकही खेळणं नाही."

१४ ऑक्टोबर, सोमवार

गोडुली आमच्याच शाळेत आली! केस कापलेत, अगदी कानापर्यंत. उंच आहे. पुढचे दात सगळे आलेत, कधीच आलेले. दहा पूर्ण आहे. पडद्यावर दात पुसून तिला आठचीच ठेवली होती!

मधल्या सुट्टीत लायब्ररीत शिरली. आधी चारही कोपरे बघितले.

"कॅमेरा कुठे आहे?"

"नाहीये."

"मग बघतंय कोण?"

"कोणीच नाही."

ती खाली बसली. टेबलावर डोकं ठेवलं आणि उन्हातच झोपून गेली. घंटा झाली तरी मी उठवलं नाही. चिमणी दारातून डोकावून गेली. "आई, ही कोण?" — ओळखलंच नाही तिने! सगळ्या व्हिडिओतली मैत्रीण समोर, आणि ओळखलं नाही.

घरी येऊन खूप रडले. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत बसचालक बाबांचा मेसेज — 'बाई, परत सुरू झालं! आत्ता, लाइव्ह!' फोन उघडला. पिवळे पडदे, दोन वेण्या, पडलेला दात. गोडुली बघणाऱ्या पोरांना नावं घेऊन हाका मारत होती. एकेकाला, न थांबता.

आणि ती स्वतः तेव्हा माझ्यासमोर बसून सफरचंद खात होती. केस कानापर्यंत. वाकून फोनकडे बघितलं. घाबरली नाही.

"मागच्या वर्षी खोकीवाल्यांनी कॅमेऱ्यासमोर माझ्याकडून सगळी अक्षरं म्हणून घेतली होती. सगळी तोंडं करून घेतली होती. त्यातूनच ही बनवलीय." एक घास चावून गिळला. "ही मोठी नाही होणार."