पाटीवरचा संस्थापक

दादा,

परवा फोनवर तू विचारलंस, "चालू आहे ना तुझी रंगरंगोटी?" चालू आहे. निवृत्त झाल्यावर मी सुलेखन शिकले. रोज सकाळी खिडकीशी बसून एक 'क्ष' मनासारखा उतरेपर्यंत गिरवते. त्यातलं तुला काही कळायचं नाही. गाण्यातलं तरी कुठे कळलं?

लहानपणी आई तुला शिकवायची तेव्हा मी आत कपड्यांच्या घड्या घालत ऐकायचे. तुझा सूर घसरला की तिची पेटी थबकायची आणि मला हसू फुटायचं. "हिचा आवाज जाडा आहे," असं तूच बाबांना सांगितलं होतंस आणि त्यांनी माझं गाणं शिकणं बंद केलं होतं. पुढे आईचे गुडघे दुखायला लागले, तसा तिचा गाण्याचा वर्ग ताब्यात घेऊन तू गुरुजी झालास. धन्य ते शिष्य!

आता वर्गाला पन्नास वर्षं झाली, म्हणून तुला पाटी हवी. "संस्थापक म्हणून माझं नाव ठळक काढ," म्हणालास. लाज कशी वाटली नाही रे?

पाटी मी आजच वर्गावर लावून आले. संस्थापक म्हणून आईचं नाव आहे, सोनेरी रंगात. तुझं खाली, बारीक अक्षरात: व्यवस्थापक. तू पाटी वाचलीस की पुरे, हे पत्र काही मी पाठवणार नाही.

आईला सोबत नेलं होतं. तिने पाटी दोनदा वाचली.

"चिडेल गं तो."

"चिडू दे."

मग रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "तुला गायचं होतं का गं?"

मी नाही म्हणाले. तिच्यासाठी बोलले खोटं. तुझ्यासाठी नाही बोलणार.

धाकटी