सात ते आठ, एक किलो मीठ

५ मार्च, गुरुवार
मीठ. एक किलो मीठ! त्यासाठी कोणी संध्याकाळी सात ते आठचा स्लॉट घेतं? दिवसातला सगळ्यात महाग स्लॉट — दर मीच लावते, मला विचारा. दुपारी दोनला हेच मीठ फुकट घरपोच गेलं असतं. मागचे तीन गुरुवारही तेच घर, तीच वेळ. कधी मीठ, कधी काडेपेटी. ऑर्डर एका बाईच्या नावावर.

६ मार्च, शुक्रवार
व्हॅनच्या नोंदी काढल्या. एका दारात चार मिनिटं, असा नियम. त्या दारात व्हॅन बत्तीस मिनिटं उभी! भागाच्या टोकाचं घर, म्हणून शेवटचा थांबा. पुढे कोणी खोळंबत नाही, तक्रार येत नाही. तिथून परतून व्हॅन गोदामात लावेपर्यंत दहा वाजतात, तरी याला घाई नाही.

ड्रायव्हर दर वेळी तोच — शिट्टी. माल भरताना शिट्टी वाजवत असतो, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. गुरुवारी जरा जास्तच वाजवतो. कुठेतरी पाणी मुरतंय.

९ मार्च, सोमवार
सात ते आठचा दर दुप्पट केला. फक्त त्या भागापुरता. बघू, बाईंना मिठाची किती निकड आहे.

१२ मार्च, गुरुवार
घेतला! दुप्पट दराने, चार लिंबं. थांबा छत्तीस मिनिटं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "तुला कोणी हसलेलं दिसलं तरी संशय येतो." ह्यांनी मान डोलावली. हे हल्ली आईच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. का, तेही एकदा बघायला हवं.

१३ मार्च, शुक्रवार
शिट्टीला गोदामात गाठलं. सहज विचारल्यासारखं — गुरुवारी शेवटच्या घरी फार वेळ लागतो का हो? शिट्टी बंद. "मॅडम, तिथली लिफ्ट नेहमी बिघडलेली असते." नजर खाली. वर येऊन नकाशात घर पाहिलं. बैठं घर! लिफ्ट म्हणे.

साहेबांच्या कानावर घातलं. "आधी दुसऱ्या भागात टाका. आणखी काही निघालं तर घरी बसवू." नोकरीच जायची बिचाऱ्याची. जरा वाईट वाटलं. पण खोटं बोलला ना माझ्याशी?

१६ मार्च, सोमवार
बाईंनी गुरुवारचा स्लॉट आजच घेऊन ठेवला. पुन्हा मीठ. शिट्टीला बदलीचं आयत्या वेळीच सांगणार. आधी कळलं तर बाईंना सावध करेल.

१९ मार्च, गुरुवार
सकाळी सांगितलं. नुसतं "बरं" म्हणाला आणि निमूटपणे दुसरी व्हॅन भरायला लागला. दुपारी एकदा जिन्यापर्यंत आला, परत गेला. मी बोलावलं नाही.

त्या दारात नवा ड्रायव्हर थांबला तीन मिनिटं. तीन! साहेबांनी पाठ थोपटली.

२० मार्च, शुक्रवार
त्या घरून अभिप्राय आलाय. एकच तारा. "मीठ बरोबर, वेळ बरोबर. माणूस चुकीचा आला. आमची छोटी बाबाची वाट बघत दारातच झोपली."

ड्रायव्हरांच्या पत्त्यांची फाईल माझ्या पाठीमागच्या कपाटातच असते. आज पहिल्यांदा उघडली.