आक्काची हीलिंग स्पेस

८ सप्टेंबर, सकाळी ९
कॉलेजातल्या क्षमाचा मेसेज! चार महिन्यांनी! 'वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.' आज क्षमावाणी, आम्हा जैनांचा माफी मागायचा दिवस, कबूल. पण स्वतःचंच नाव कसं खुबीनं घातलंय! माफी मागितली का सही केली?

दुपारी
वर्गातल्या श्रेयांसलाही तोच मेसेज. त्याच्या आईलाही. असू दे. मला मात्र तिनं सगळ्यात आधी पाठवला असणार.

९ सप्टेंबर
बेळगावचं आर्किटेक्चर कॉलेज मी मधेच सोडलं ते रागानं नव्हे, तत्त्वानं. डिझाइन तपासणाऱ्या जुरीच्या सरांनी माझ्या मानसोपचार केंद्राला 'लग्नाचा हॉल' म्हटलं. मी मॉडेल त्यांच्या टेबलावर आपटलं, तेही शांतपणे. क्षमा जिन्यात म्हणालेली, "जिनू, रेघा लई भारी ओढतोस रं. पण त्या खोलीत बसणाऱ्याला एकदा तरी विचारलंस?"
आता दाखवतो. खरी खोली, खरं माणूस. आमची पद्माक्का, माझी थोरली बहीण.
तिचं बाळ मे महिन्यात गेलं. सात महिन्यांचं होतं. तेव्हापासून ती इथं सदलग्याला, माहेरी. एक शब्द बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात गोळ्या द्या, घाई करू नका. जागेत काय ताकद असते हे त्यांना शिकवलेलंच नाही.
ठराव: दिवाळीच्या आत आक्का बोलणार. मग क्षमाला कळवणार.

११ सप्टेंबर
साइट स्टडी. आक्का दिवसभर मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसते. बोळापलीकडं म्हातारी मालुबाई तिच्या उंबऱ्यावर. दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडतात. मालुबाईचीही लेक गेलेली म्हणे, फार पूर्वी. बोलत कुणीच नाही. चांगली भरलेली शेंग सापडली की मालुबाई इकडं टाकते, आक्का झेलते. बास, एवढंच.
निष्कर्ष: वारा बरा, बाकी जागा निरुपयोगी.
मी उंबऱ्यावर टेकलो की आई अवलक्षण म्हणून ओरडते. आक्काला कधीच नाही. या घरात न्याय नाही.

१४ सप्टेंबर
आक्काला विचारणार होतो. पण जी बोलतच नाही तिला विचारून काय उपयोग? शिवाय सख्ख्या भावाला कळतंच की.
डिझाइन फायनल. मागची खोली पूर्ण गोल, एक कोपरा नाही. वरून स्कायलाइट. बोळाचं दार बंद, म्हणजे धूळ नाही, गलका नाही. स्केचवर लिहिलं: 'आईच्या पोटासारखी सुरक्षित'.
आईनं ते वाचलं आणि डोळ्याला पदर लावून आत गेली. डिझाइन भिडलं.

२० सप्टेंबर
भरमू गवंडी कामाला लागला. दार बुजवायच्या आधी उगाच थांबला. म्हणाला, "मग पोरीला मालुबाई दिसायची कशी वं?" मी भडकलो. विचारलं, आर्किटेक्ट कोण, तुम्ही का मी? तो म्हणाला, "दोघंबी न्हाय."
आप्पा हसले. त्यांच्याशी आजपासून बोलणार नाही.
उंबऱ्याचा दगड निघता निघेना. चौघांनी ओढून बोळात टाकला.

२६ सप्टेंबर
काम पूर्ण. आक्काला हाताला धरून आत नेलं. ती शेंगांची पाटी घेऊन उभी राहिली. मग दार होतं तिथं, ओल्या गिलाव्यावरनं हात फिरवला. किती तरी वेळ. टेक्श्चर आवडलेलं दिसतंय.

२७ सप्टेंबर, संध्याकाळी ५
आक्का बोलली!!! दिवाळीच्याही आधी! क्षमाला ताबडतोब कळवलं.

५.२०
क्षमाचा रिप्लाय. सगळ्यांना पाठवतात तसला नव्हे, माझ्यासाठी लिहिलेला. 'खरंच? जिनू, रडायला आलं रं मला. काय म्हणाली आक्का?'

६
टाइप करतोय, खोडतोय. 'माझं नाव घेतलं' असं लिहिलं. खोटं नाही. तेही खोडलं.
आक्का म्हणाली, "जिनू, आता मी कुठं बसू रं?"

६.३०
बोळात जाऊन आलो. दगड एकट्यानं हलवून बघितला. हलत नाही.
मालुबाई तिच्या उंबऱ्यावर होती. मला बघून मान खाली घातली, शेंगा फोडत राहिली. माझ्या नव्या भिंतीच्या पायाशी, बाहेरच्या बाजूला, सात-आठ शेंगा पडल्यात. सगळ्या भरलेल्या.