टुमटुम कासव, बाई की बुवा

चि. धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद, आणि आठ महिने खुशाली न कळवल्याबद्दल तेवढ्याच शिव्या.

तुझा खोकला गेला का? (गेला नसणार. तू औषध चमच्याने घेत नाहीस, बाटलीलाच तोंड लावतोस.) भावजयीला विचारलं म्हणून सांग. मागच्या पत्राला तिचं उत्तर नाही. त्यात तिला झोंबण्यासारखं काय होतं, ते मी अजून आठवते आहे. मी बरी आहे, गुडघे सोडून.

तर झालंय असं. ते जुनं कार्टून आठवतं ना तुला, टपाल वाटत हिंडणारं टुमटुम कासव? माझ्या नातीच्या शाळेत त्याचं नाटक बसवतायत. पोरीला टुमटुम व्हायचंय, दुसरं काही नाही. गाणी पाठ, उड्या पाठ, आणि सराव म्हणून घरातही कासवासारखी चालते. दात घासून येईपर्यंत सूनबाईचा स्वयंपाक उरकतो. दोनदा शाळेची बस गेली. मी जुनी गादी उसवून तिचा कापूस कपडे धुवायच्या टबावर बसवला आणि वरून हिरवं कापड शिवून पाठ केली. (त्या टबात आता कपडे धुता येत नाहीत, म्हणून सूनबाई माझ्याशी मोजकं बोलते. बरंच आहे.)

आणि परवा पोर रडत घरी आली. नाटकाच्या बाई म्हणाल्या, टुमटुम मुलगा आहे, तो मुलगाच करणार. तू फुलपाखरू हो. फुलपाखराला एक वाक्य नाही रे, नुसतं उडायचं! आणि टुमटुमची टपालवाल्याची टोपी कोणाला मिळाली म्हणशील, तर मागच्या बाकावरच्या एका ढब्ब्या पोराला, ज्याला स्वतःचा डबा उघडता येत नाही. मला तेव्हाच वाटलं, इथे पाणी मुरतंय. शाळा सुटताना फाटकाशी उभी राहून मी दोघांना नीट बघून घेतलं. बाईंचे कान आणि त्या पोराचे कान अगदी एका साच्यातले. भाचा असणार. मी विचारलं, तर बाई म्हणतात लांबचंसुद्धा नातं नाही. इतकं ठासून कोण सांगतं, ज्याला लपवायचं असतं तोच ना?

मग टुमटुम खरंच मुलगा आहे का ते बघायला मी टीव्हीसमोर ठाण मांडलं आणि जुने भाग लावून घेतले. पापण्या बघ त्या कासवाच्या, झाडूएवढ्या! एका भागात ते दुसऱ्याच्या अंड्यांवर रात्रभर बसून राहतं. कुठला बाप्या बसेल? तुझी पोरं लहान असताना तू पाळणा किती वेळा हलवलास, आठव. आणि आवाज तर चक्क बाईचा. मी सूनबाईला म्हटलं, बघ. तर ती म्हणते, "अहो आई, कार्टूनमधल्या मुलांचे आवाज बायकाच काढतात." म्हणजे घसा बाईचा वापरायचा आणि मान बुवाला द्यायचा! हिला बाईंनी फोन केला होता की काय, कोण जाणे.

शेवटी कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. एका मांजराचं नि एका पोपटाचं झाल्यावर माझा नंबर आला. मी सुनेच्या फोनवर चित्र दाखवलं. तो म्हणाला, "आजी, कासवाचं शेपटीवरून कळतं. याने तर विजार घातली आहे." मी म्हटलं, मग अंदाजाने सांगा. तर म्हणतो, "खरं कासव घेऊन या." हसत होता मेला. त्याच्या भिंतीवर नातीच्याच शाळेचं कॅलेंडर होतं, तेही मी बघून ठेवलं.

बाकी इकडे सगळं ठीक. तब्येतीला जप. तुझी ताई.

ता.क. तू जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, तर बहिणीसाठी एक चित्र काढ. टुमटुम, टोपी घातलेली, शेजारी स्वतःची पाच-सहा अंडी. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळव, म्हणजे जुना दिसेल. मी बाईंना सांगून बसले आहे की माझा भाऊ ते कार्टून काढणाऱ्यांच्या हाताखाली होता. कोणी विचारलं तर तू होतास.

ता.क. दुसरा. शेवटचा भाग आत्ता बघितला. त्यात टुमटुम आरशासमोर गालाला साबण फासून दाढी करतो. मी टीव्हीची वायर काढून माझ्या उशीखाली ठेवली आहे आणि टीव्ही बिघडला म्हणून सांगितलंय. तू अंडी दहा काढ.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवणार इतक्यात नात शाळेतून आली. तिने परस्पर बाईंना विचारलं, "टुमटुम मुलगा आहे तर मी मुलगा होते, त्यात काय?" आणि बाई हो म्हणाल्या! त्या ढब्ब्याला म्हणे पहिल्यापासून फुलपाखरूच व्हायचं होतं, वाक्य नाही म्हणून. पोर आता टब पाठीवर घेऊन जेवायला बसली आहे.

तरी चित्र पाठवच. बाई इतक्या चटकन हो म्हणाल्या, मला काही हे सरळ दिसत नाही.