तिसऱ्या दिवसाची स्लाइड

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फॅल्सिपॅरम! मलेरियाचा सर्वांत घातक परजीवी, तोही माझ्याच घरमालकांच्या रक्तात. वेंकोबाकाका ओडिशातल्या लेकीकडून ताप घेऊन आले. मी बोट टोचून रक्त लॅबमध्ये नेलं, आणि मायक्रोस्कोपखाली बघते तर काय — तांबड्या पेशींत नाजूक अंगठ्याच अंगठ्या! चेन्नईत आल्यापासून अशी स्लाइड पाहिली नव्हती. आमच्या लॅबच्या डॉ. कुमुदिनींनी लगेच तीन दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या. वसंताकाकू रडवेल्या झाल्यात. आणि मी — छे, कुणाला सांगू — मी खूश!

शनिवार, १५ नोव्हेंबर

काका दिवसभर दिसले नाहीत. आतून जप ऐकू येत होता. म्हणजे बरं वाटत असणार.

सोमवार, १७ नोव्हेंबर

औषध लागू पडलं तर आजची स्लाइड कोरी हवी. कोरी नाही! भिंग पुसून पुन्हा पाहिलं. अंगठ्या आहेतच. परजीवी औषधाला दाद देत नाही की काय? इथे, अण्णा नगरात?

डॉ. कुमुदिनी म्हणाल्या, "रुचा, घाई नको. आधी गोळ्या पोटात गेल्या का ते बघ." काकांना विचारलं. "झाल्या गे सगळ्या!" मग आणखी काय हवं? फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब वाळवून ठेवलेत. परजीवीच्या जनुकात बदल झाला असेल, तर त्यातून कळेल. खरं ठरलं तर आमच्या एवढ्याशा लॅबनं पकडलं म्हणतील!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

फजिती! काकूंना फुलं द्यायला देवघरात गेले, तर देवापुढच्या चांदीच्या वाटीत माझ्या ओळखीच्या गोळ्या! शनिवारी एकादशी होती. काका निर्जळी करतात.

"पाणी पण पोटांत गेलं नाहीं, मात्रै कशी गे जाणार? देवाकडे दिली," काका म्हणाले, वर हसले. औषधाच्या गोळ्यांचा नैवेद्य! काकू तमिळमध्ये अशा बरसल्या की मला निम्मंच कळलं, पण तेवढं पुरे होतं.

डॉ. कुमुदिनींना हसू आवरेना. जनुकाची तपासणी रद्द. गोळ्या पुन्हा पहिल्यापासून, या वेळी मी समोर उभी राहून द्यायच्या. थेंबांचा कागद ड्रॉवरमध्ये टाकला. आणि हिरमुसले. माणूस बरा होणार म्हणून हिरमुसले! लाज वाटली स्वतःची.

गुरुवार, २० नोव्हेंबर

शेवटच्या गोळ्याही माझ्या हातानं दिल्या. वर पाणी, मग "आ करा". काका शाळकरी पोरासारखी जीभ बाहेर काढून दाखवतात. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे माझ्या मराठीला हसतात — "तुझं पेपरांतलं गे, आमचं राजांच्या काळांतलं." काकूंनी आजही दोसै खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. काकांचं कपाळ मात्र अजून कोमट लागलं.

उद्या स्लाइड. काही सापडू नये असं पहिल्यांदाच वाटतंय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

अंगठ्या आहेत. डॉ. कुमुदिनींनीही पाहिलं. हसल्या नाहीत. औषध आजपासून बदललं, ड्रॉवरमधला कागद तपासणीला गेला.

घरी आले तर काका जिन्याखाली उभे. "काय गे, पास का मी?"