पांढऱ्या पट्टीची ट्यूब

३ नोव्हेंबर
डेअरीवर बोलले. सुरुवात ठरवली तशीच: 'दूध घालणाऱ्या बायांनो, आपल्या गायीची कास दगडासारखी होते, आणि मेडिकलवाला गाय न बघता ट्यूब हातात ठेवतो.' सगळ्या कान देऊन. मग जनावरांच्या डॉक्टरांनी कासेच्या सुजेवर कोणतं औषध चालतं त्याची चाचणी समजावली. औषधं दोन. एकाला हिरवी पट्टी, एकाला पांढरी. चिठ्ठी निघेल ते सडात भरायचं, बाकी काही द्यायचं नाही. मीच सगळ्यांना हात वर करायला लावून कबूल करून घेतलं. माझ्या गौरीला पांढरी. शेजारच्या रूथच्या गायीला हिरवी.

७ नोव्हें.
रूथच्या गायीची सूज उतरली. गौरीच्या धारेत अजून गुठळ्या. डॉ. सगळ्यांसमोर: "नोंदी ठेवाव्यात त्या रूथताईंनी." सभेत जिच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती. वाचते मी, बाया गोळा केल्या मी. जेवण गेलं नाही.

८
पुणतांब्याच्या मेडिकलमधून तिसरीच ट्यूब आणली. मेडिकलवाल्याने गायीचं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गौरीला भरली. हे इथेच राहील.

११
तपासणी. गौरीचं दूध स्वच्छ. रूथच्या गायीचं किंचित घट्ट. डॉ. म्हणाले, "अक्का, रूथताईंना मागं टाकलंत." दिवसभर गोड वाटलं. तिचा चेहरा बघायला दोनदा तिच्या दारावरून गेले. तिने बोलावून चहा पाजला. त्याचाही राग आला.

१४
रूथची दुसरी गाय, कपिला, चाचणीत नसलेली, नुकतीच व्यालेली. कास कडक झाली.
"अक्का, डॉक्टरला म्हनलं, तुमच्या गौरीला भरली तीच पांढरी भरा. हिरवीनं आमचं अर्धंच काम झालं. तुमाला गुन आला न्हवं?"
"आला."
"मंग झालं. तुमी काय खोटं बोलताय व्हय."
हसत गेली. माझ्याकडे बघून हसणारी तीच एक आहे, हे आज लक्षात...

१५, सकाळ
सड एकदा मेला की त्यातून पुन्हा दूध येत नाही. हे मीच डेअरीवर सांगितलंय, टेबलावर हात आपटून.
नवीन भाषण लिहिलं. ऐकणारी एकच. 'रूथ, आपल्याला सगळे न बघताच औषध देतात. यावेळी मी दिलं. गौरी पांढरीने नाही, मेडिकलच्या ट्यूबने बरी झाली. कपिलेला ती भरू देऊ नकोस.' चार ओळी. पाठ झाल्या.
डॉ. ची मोटारसायकल तिच्या दारात थांबली. चप्पल सापडत नाही. तशीच निघाले.