कांचनचा दिवस

मंगळवार, दिवेलागण

मंदाच्या कांचनच्या जन्मनोंदीचा अर्ज आज एकदाचा गेला. पोरगी सहा वर्षांची, पाड्यावर घरीच जन्मलेली. तेव्हा नोंद कुणी केलीच नाही. आता शाळेला दाखला हवा. अंगणवाडीची बाई म्हणून मीच मंदाला घेऊन शहापूरला तहसीलला गेले.

प्रतिज्ञापत्रात जन्मतारीख लिहायची वेळ आली, तर मी सवयीने म्हटलं, "एक जून टाकू."

मंदा उसळलीच. "नाय बाई! होळीच्या दुसऱ्या दिशी झाली ती. राख गरम व्हती अजून. सासूनं कपाळाला लावली तिच्या."

मोबाइलवर त्या वर्षीची होळी शोधली. तारीख मिळाली. मंदा कसली हसली!

पण एक जून माझ्या तोंडी आलाच कसा? माझीही तीच ना, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. चाळीस वर्षं तीच लिहितेय. खरी कधी विचारली का मी? नाही. मंदाला सही येत नाही, पण लेकीचा दिवस तिने सोडला नाही.

घरी आले तर आई भाकऱ्या थापत होती. विचारलं, "आई, मी कवा झाले गो?"

"दिव्यांच्या अवसेला," ती लगेच म्हणाली. "आवणी चालू व्हती. हातातली रोपं तशीच बांधावर ठेवून घरी आले."

दर वर्षी त्या अवसेला आई माझ्या ताटात पिठाचा एक दिवा जास्त वाढते. मी आपली म्हणत आले, म्हातारी मोजायला चुकते.